अ‍ॅडमिट, म्हणजे आत येऊ देणं

"ही अ‍ॅडमिटेड हिज मिस्टेक." धड्यातलं वाक्य वंदनाबाईंनी फळ्यावर लिहिलं आणि मागे वळून विचारलं, "मराठीत कोण सांगतंय?"

शालूनं हात वर केला. दवाखान्यातून वसतिगृहात परतल्यापासून ती वर्गात गप्पच असायची. तिचा हात बघून बाईंना बरं वाटलं.

"त्यानं आपली चूक दवाखान्यात भरती केली," शालू म्हणाली.

दहावीचा अख्खा वर्ग हसायला लागला.

"सलाईन लावली का गं चुकीला?"

"कोणत्या वार्डात हाय? भेटायला जाऊ!"

"बाई, ही भरती होऊन आल्ती ना, आता सगळ्यांलाच भरती करून राह्यली!"

शालूही हसली. बाईंनी कुणाला दटावलं नाही. दटावणं त्यांना जमतच नसे. त्यांचा आवाज मुळातच इतका हळू, की वर्ग शांत असला तरच ऐकू यावा. त्यात हा चातुर्मास. रोजचे नेम होतेच: पहाटे देवापुढे दिवा, तुळशीला पाणी, जप पुरा होईस्तोवर तोंडात पाण्याचा थेंब नाही. यंदा त्यांनी आणखी एक नेम धरला होता. कुणाला लागेल असा शब्द बोलायचा नाही.

"शालूचं अर्धं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हा शब्द आपल्या भोकरदनात दवाखान्याच्या दारातूनच आला, त्याला ती काय करणार? पण त्याचं माहेर लॅटिन भाषेत आहे. अड् म्हणजे ‘कडे’. मित्तेरे म्हणजे पाठवणं, सोडणं. दोन्ही मिळून झालं आत सोडणं, आत येऊ देणं. दवाखाना पेशंटला आत घेतो, ते अ‍ॅडमिट. कॉलेज तुम्हाला आत घेतं, तेही अ‍ॅडमिट. आणि कधी कधी एखादी खरी गोष्ट आपणच दाराबाहेर उभी करून ठेवतो. तिलाही एक दिवस आत घ्यावं लागतं. तेही अ‍ॅडमिटच. आपण त्याला कबूल करणं म्हणतो."

मग त्यांनी मित्तेरेचं गणगोत फळ्यावर मांडलं. परमिट, सबमिट, कमिट, मिशन, प्रॉमिस. "मिसाईलसुद्धा," त्या म्हणाल्या. "म्हणजे सोडलेलं." मुलांना मिसाईल फार आवडलं.

शालूचा हात पुन्हा वर गेला. "बाई, ती खरी गोष्ट आत घेतलीच न्हाई, तर ती कुठं जाते?"

बाईंच्या हातात खडू होता. तो त्यांनी फळ्याखालच्या पट्टीवर ठेवला, पुन्हा उचलला.

"उद्या सांगते," त्या म्हणाल्या.

ज्या मुलीला बाई उत्तर देऊ शकल्या नाहीत, तिलाच ते उत्तर माहीत होतं. फक्त आपल्याला माहीत आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

श्रावणातल्या एकादशीला वंदनाबाई दरवर्षी घरी विठ्ठलाला अभिषेक करत आणि संध्याकाळी पंचामृत घेऊन वसतिगृहात जात. वसतिगृह शाळेच्या मागेच. अंगणात छोटं देऊळ, तिथं मुलींसोबत आरती, मग प्रसाद. नैवेद्याला स्टील चालायचं नाही, पितळच लागायचं, हा सासूबाईंचा दंडक त्यांनी पुढे चालवला होता. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडत चालल्याचं त्यांना दोन वर्षांपासून दिसत होतं. पण गावात आता कल्हईवाला येत नाही, जालन्याला नेऊ नेऊ म्हणता राहून गेलं. यंदा त्या पातेल्यात दही-दुधाचं पंचामृत सकाळपासून संध्याकाळपर्यंत राहिलं. आंबट पदार्थ उघड्या पितळेत राहिला की कळकतो, हे घरातल्या कोणत्याही बाईला कळतं. वंदनाबाईंनाही कळत होतं. पण त्यांची एकादशी निर्जळी असायची, त्यांनी स्वतः ते चाखलं नाही. बऱ्याच मुलींनी चमचा चमचा तीर्थ घेतलं. पातेल्याच्या तळाचं उरलं, ते शालू आणि तिच्या तीन मैत्रिणींनी वाटीत घेऊन संपवलं.

मध्यरात्रीनंतर त्या चौघींना उलट्या सुरू झाल्या. सकाळी पातेलं घासताना बाईंना तळाला हिरवट थर दिसला. चिंच लावून त्यांनी तो घासून काढला आणि मगच दवाखान्यात गेल्या.

डॉक्टर म्हणाले, अन्नातून बाधा झाली. रात्रीच्या जेवणातलं काही शिल्लक होतं का, त्यांनी विचारलं. नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी फरजानाचं नाव आलं. फरजाना वसतिगृहात सकाळ-संध्याकाळ स्वयंपाक करायची, आणि सुटीच्या दिवशी लोकांच्या लग्नांच्या, दावतींच्या ऑर्डरी घ्यायची. मुली तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत.

शालूच्या खाटेपाशी बाई एकट्याच होत्या तेव्हा ती पोर म्हणाली, "मला कसं काय झालं, बाई? माझी तर एकादस व्हती. मी खालांचं काहीच जेवले न्हाई. दुपारी केळं अन् संध्याकाळी तुमचा प्रसाद, तेवढंच."

बाईंनी तिच्या कपाळावरून हात फिरवला. "झोप आता," त्या म्हणाल्या. तिला दुसऱ्या कुणी काही विचारलं नाही, म्हणून तिनं दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही.

मग कार्यालयात चौकशी झाली. चौकशी म्हणजे वसतिगृहाचे सचिव साहेबराव, समोर उभी फरजाना आणि कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन वंदनाबाई. जेवणाचा खर्च बंगळूरची एक संस्था उचलायची, त्यांना सगळं इंग्रजीत कळवावं लागे, आणि ते काम बाईंकडे होतं.

"त्या दिवशी सैपाक तूच केल्ता ना?" साहेबरावांनी विचारलं.

"हौ साहेब, मीच केल्ता."

"मंग पोरींच्या जेवणाची जबाबदारी कोणाची?"

"माझीच की. कबूल आहे. मी कुठं न्हाई म्हणून राह्यले?" फरजानाचे डोळे रडून सुजले होते. "पण साहेब, मी ताजंच घातलं होतं. अल्लाकसम ताजं होतं."

बाई टाईप करत होत्या. ‘चार मुलींना अ‍ॅडमिट करण्यात आलं’ हे वाक्य आधीच लिहून झालं होतं. आता त्यांनी लिहिलं, स्वयंपाकीण बाईंनी आपली जबाबदारी अ‍ॅक्सेप्ट केली आहे. मग त्या थांबल्या. अ‍ॅक्सेप्ट हा शब्द खोडला. तिथं अ‍ॅडमिट लिहिलं.

खोटं काय होतं त्यात? फरजानानं कबूल आहे म्हटलं होतं, आणि कोशात अ‍ॅडमिट म्हणजे कबूल करणं. वर एकदा अ‍ॅडमिट आलंच होतं, त्याच्याशी ते जुळूनही दिसत होतं. ‘ताजं होतं’ हे त्यांनी लिहिलं नाही. साहेबरावांनी वाचायचा प्रयत्न केला, अर्ध्यात सोडला आणि म्हणाले, "बराबर हाय मॅडम, पाठवून द्या."

त्या दिवसापासून बाईंचा जप लागेना. मणी पुढे सरकत, तोंडात नाव असे, आणि मनात ते खोडलेलं अ‍ॅक्सेप्ट. तोही लॅटिनच शब्द. कुणी पुढे केलेलं हातात घेणं. फरजानानं तेवढंच केलं होतं.

शालूनं वर्गात तो प्रश्न विचारला, त्याच दुपारी साहेबरावांचा निरोप आला. बंगळूरचं उत्तर आलं होतं. बाई कार्यालयात पोचल्या तेव्हा फरजानाही दारात उभी होती, ओढणीला हात पुसत.

"वाचा मॅडम," साहेबराव म्हणाले. "अन् हिला पण मराठीत सांगा. म्या सांगितलं तर म्हणल साहेबांनी मनानं जोडलं."

पत्र चार ओळींचं होतं. स्वयंपाकीण बाईंनी आपला दोष अ‍ॅडमिट केलेला असल्यामुळे त्यांना महिनाअखेर कामावरून कमी करावं. दुसरी व्यक्ती नेमल्यावर अनुदान पूर्ववत सुरू राहील. बाईंनी लिहिलं होतं जबाबदारी, तिकडून परत आला दोष. अ‍ॅडमिट म्हटल्यावर दोषच आत घेतला असणार, असं वाचणाऱ्याला वाटलं. तसं वाटावं म्हणूनच तो शब्द तिथं बसवला होता, हे बाईंना तेव्हा पुरतं कळलं.

"काय म्हणतेत बाई?" फरजानानं विचारलं.

"ते म्हणतात…" बाईंनी शब्द शोधला. कुणाला लागेल असं बोलायचं नाही. "म्हणतात की तुम्ही थकला असाल. महिना संपला की थोडे दिवस विश्रांती घ्या."

साहेबरावांनी बाईंकडे चमकून पाहिलं, पण बोलले नाहीत. त्यांनाही सोपं पडलं.

"रजा?" फरजाना म्हणाली. "पगारी का बिनपगारी?"

तिकडं कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. ती पळतच गेली.

शिक्षकांच्या खोलीत तेव्हा कुणी नव्हतं. शालूला उद्या उत्तर द्यायचं आहे, असं स्वतःला सांगत बाईंनी फोनवर लॅटिनचा कोश काढला. अ‍ॅडमित्तेरे. आत सोडणं. भेटीला येऊ देणं. घोड्याचा लगाम सैल करणं, त्याला भरधाव सोडणं. आणि त्याखाली आणखी एक अर्थ होता. तो त्यांनी कधी कुठल्या वर्गात शिकवला नव्हता, कारण इंग्रजीत येताना तो मागेच राहिला. अपराध करणं. रोमन माणूस म्हणायचा, मी हा गुन्हा माझ्यात येऊ दिला. केला म्हणायचा नाही, येऊ दिला म्हणायचा. कबूल करण्याच्या कितीतरी आधी त्या शब्दात करणं होतं.

बाईंनी फोन पालथा ठेवला. हिरवा थर घासला तेव्हा काही आत आलं होतं. ‘झोप आता’ म्हटलं तेव्हा आलं. एक शब्द खोडून दुसरा बसवला तेव्हा आलं. आणि आता, विश्रांती. दर वेळी दार त्यांनीच उघडलं होतं, अगदी हलक्या हातानं, कडीचा आवाजही न होऊ देता. आपल्या मऊ बोलण्याला त्या इतकी वर्षं पुण्य समजत आल्या होत्या. घोड्याचा लगाम जसा सैल सोडावा तशी त्यांनी ती जीभ सोडली होती, आणि टापांखाली आली होती फरजाना.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी माळ हातात घेतली आणि पुन्हा खुंटीला लावली. जप न करता, पाणी न पिता त्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेल्या.

फरजाना पीठ मळत होती. "या बाई. बरं झालं आल्या. काल रातच्याला ऐकलं, साहेबांनी मंठ्याहून दुसरी बाई बोलावली म्हणं. मला एक सांगा, रजेवर गेलेल्याच्या जागी कोणी कायमची बाई आणतं का?"

"नाही आणत," बाई म्हणाल्या. "ती रजा नाही, फरजाना. तुम्हाला काढलंय. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

फरजानाचा हात पिठातच राहिला.

बाईंनी सगळं सांगितलं. पातेलं, कल्हई, तळाचं पंचामृत. शालूची एकादशी. लॅपटॉपवर खोडलेला शब्द. सांगताना त्यांनी मान खाली घातली नाही, पण आवाज नेहमीसारखाच हळू होता, आणि फरजाना ऐकायला एक एक पाऊल जवळ येत गेली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"दवाखान्यात पोरी होत्या तव्हापासून?"

"हो."

फरजानानं गॅस बंद केला. उगीचच, त्यावर काही नव्हतं. "अन् मी इकडं काय करून राह्यले होते, माहीत आहे? तेल बदललं. डाळीचं पोतं उन्हात पसरून एक एक दाणा बघितला. पाण्याच्या टाकीत स्वतः उतरून टाकी धुतली. मला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी गेलं. पोरींना वाढताना मी त्यांच्या तोंडाकडं बघत नव्हते, बाई. नमाजात सुद्धा माफी मागून राह्यले, न केलेल्या गोष्टीची!"

"मला माफ—"

"नक्को. ते मंग बघू. पहिले ते पत्र बदला."

बाईंनी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि पिठाच्या डब्यावर ठेवला. त्या इंग्रजीत टाईप करायला लागल्या तसं फरजानानं त्यांचं मनगट धरलं. पिठाचा ठसा उमटला.

"तुमच्या इंग्लिशवर माझा भरोसा न्हाई आता. आधी मराठीत सांगा. मी ऐकते."

"पंचामृत पितळेच्या भांड्यात राहून खराब झालं असावं," बाई म्हणाल्या, "आणि त्यामुळे मुलींना त्रास झाला असावा."

"असावं काय, असावं? झालं का न्हाई झालं?"

"झालं."

"मंग झालं म्हणा."

"झालं. त्यामुळे मुलींना त्रास झाला. फरजाना यांचा यात दोष दिसत नाही."

"दिसत न्हाई? म्हंजे लपलाय का कुठं?"

"फरजाना यांचा दोष नाही," बाई म्हणाल्या.

"अन् मी काय म्हणले होते ते? ताजं होतं म्हणले होते मी. ते कुठं गेलं?"

तेही लिहिलं. "मी कबूल म्हणले, ते काय गुन्ह्याला म्हणले का?" फरजाना स्वतःशीच बोलत राहिली. "आमच्यात निकाहाला कबूल म्हणतात. माझ्या निकाहाला तुम्ही असत्या, तर मला पोलिसात दिलं असतं." बोलली आणि तिला स्वतःलाच एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता ती ओट्याला टेकून रडायला लागली. बाई पुढे झाल्या नाहीत. पुढे व्हायचा हक्क त्यांना वाटला नाही. त्यांनी इंग्रजीत एक एक वाक्य लिहिलं, प्रत्येकाचा अर्थ मराठीत सांगितला, आणि तिनं मान हलवली तेव्हाच पत्र पाठवलं. खाली स्वतःचं नाव लिहिलं.

साहेबरावांना कळवलं तेव्हा ते मोटारसायकल तशीच फाटकात टाकून आत आले.

"काय केलं मॅडम हे? तुम्ही एवढ्या देवाधर्माच्या, अन् प्रसादानं पोरी पडल्या म्हणून लिहून देल्लं? देवाला बट्टा लावला तुम्ही!"

"देवाला नाही," बाई म्हणाल्या. "पातेल्याला कल्हई नव्हती."

"त्यांनी पैसा बंद केला तर? ह्या पोरी परत खेड्यावर जातील, वर्षभरात लगनं लावतील त्यांची. ते पाप कोणाला?" साहेबराव वाईट माणूस नव्हते. त्यांची भीती खरी होती. शेवटी ते खुर्चीत बसले. "बरं. गेलं ते गेलं. आता पालकांजवळ तरी बोलू नका. रविवारी येतील, जेवतील, जातील. कोणाच्या ध्यानात राहणारे?"

"माझ्या," दारातून फरजाना म्हणाली. "साहेब, माझ्या दोन दावतीच्या ऑर्डरी गेल्या. शेजारीण घरी आली तर चहाचा कप नुसता हातात धरून बसते. ती इंग्लिश चिठ्ठी मी कोणाकोणाला वाचून दाखवू?"

साहेबरावांनी खुर्ची मागे सरकवली.

"रविवारी मी सांगते," बाई म्हणाल्या.

शनिवारी बंगळूरहून उत्तर आलं. फरजानाला कामावर ठेवावं. वंदनाबाईंनी यापुढे वसतिगृहात कुठलाही खाण्याचा पदार्थ आणू नये, आणि पत्रव्यवहार दुसऱ्या कुणाकडे द्यावा. अनुदानाबद्दल नंतर कळवू. साहेबरावांनी ते बाईंकडूनच वाचून घेतलं. बाईंनी वाचलेलं ते संस्थेचं शेवटचं पत्र. बाईंनी एकही शब्द मऊ केला नाही.

रविवारी पालक आले. कुणी एसटीनं, कुणी शेजाऱ्याच्या गाडीवर बसून. पिशव्यांत लाडू, शेंगा, भाजलेली मक्याची कणसं. फरजानाच्या स्वयंपाकाचा वास अंगणभर होता, पण बऱ्याच आयांनी घरून डबे आणले होते आणि मुलींना देवळाच्या पायरीवर बसवून ते भरवत होत्या. फरजाना पंगतीच्या सतरंज्या अंथरून त्याकडं बघत उभी होती.

वंदनाबाई देवळासमोर उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या.

"काही ऐकू येईना, बाई!" मागून कुणीतरी ओरडलं. "मोठ्यानं!"

त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

"अवो, जरा जोरात बोला की! पोरगं रडून राह्यलंय हितं!"

बाईंनी घसा साफ केला. इतक्या मोठ्यानं त्या आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या. आवाज चिरकला, तो त्यांना स्वतःचा वाटेना. "एकादशीला मुली आजारी पडल्या, त्या माझ्या प्रसादानं! माझं भांडं खराब होतं! फरजानांच्या जेवणानं काही झालं नाही! मला ते माहीत होतं, आणि मी ते लपवलं! त्यांच्या नावावर घातलं!"

रडणारं पोरगंही आईच्या तोंडाकडे बघायला लागलं.

शालूची आई द्वारकाबाई सगळ्यात पुढे बसली होती. ती उठली. थोराड बाई, डोक्यावरचा पदर घट्ट. "माझ्या लेकीला सुया टोचू टोचू हात काळा केल्ता त्या दवाखान्यात," ती म्हणाली. "तुम्ही रोज येत होत्या. खाटेपाशी बसत होत्या. मी तुमच्या पाया पडले होते, बाई, एवढा जीव लावता म्हणून."

"हो," वंदनाबाई म्हणाल्या.

"मंग तव्हाच का न्हाई बोलल्या?"

मुलींसमोर, पालकांसमोर, साहेबरावांसमोर बाईंना पुष्कळ शब्द आठवले. मऊ, गोल, सगळ्यांना झेपतील असे.

"भ्याले," त्या म्हणाल्या. "लोक मला काय म्हणतील, याला भ्याले."

शालू आईच्या मागे उभी होती. ती बाईंकडे बघत होती. रागानं नाही, पण वर्गात बघायची तसंही नाही. बाईंनी ती नजर सोसली. तिच्या प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचं राहिलं होतं. ते आता सोमवारी, फळ्यासमोर, आजवर न शिकवलेल्या त्या अर्थासकट द्यावं लागणार होतं, आणि ती पोरं पुन्हा आपल्या वर्गात बसतील की नाही तेही ठाऊक नव्हतं.

द्वारकाबाईनं तोंड फिरवलं. हातातला डबा तिनं झाकण लावून पिशवीत टाकला आणि ती अंगण ओलांडून सतरंजीपाशी गेली.

"फरजाना," ती म्हणाली, "मी तुला फोनवर काय काय बोलले गं. तुझ्या लेकराबाळांवर गेले."

फरजानाच्या हातात वरणाची बादली होती. ती खाली ठेवायला ती वाकली, आणि वाकलेलीच क्षणभर राहिली.

"बोलल्या तुम्ही," ती म्हणाली. "मी ऐकलं सगळं." मग तिनं थाळ्यांच्या चळतीतली वरची थाळी उचलली, ओढणीनं पुसली आणि द्वारकाबाईच्या पुढ्यात धरली. "बसा. भाकर गार होऊन राह्यली."